पहिल्या चाळीस मिनिटांतले सहा सेकंद

माझे काका निवृत्तीनंतर जुन्या पुस्तकांची बांधणी करतात. खिळखिळे झालेले पुस्तक सोडवायचे, फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, फॉर्म, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, पुन्हा शिवायचे आणि त्यावर नवा पुठ्ठा व कापड चढवायचे, असे ते काम आहे. त्यांच्यानंतर घरात हे कोणालाच येणार नाही हे लक्षात आल्यावर, ते निदान चित्रित करून ठेवावे असे मला वाटले. मोबाइलचा कॅमेरा चांगला होता, काकांची हरकत नव्हती, आणि चित्रीकरणात बटण दाबून मोबाइल समोर धरण्यापलीकडे काही शिकण्यासारखे असेल अशी शंकाही माझ्या मनाला शिवली नव्हती. पहिल्या दिवशी मी चाळीस मिनिटांचे चित्रण केले. रात्री ते लावून पाहिले तेव्हा त्यातले जेमतेम सहा सेकंद वापरण्याजोगे निघाले, आणि तेही चष्मा पुसण्यासाठी मी मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवला होता त्या वेळचे.

दोष शोधण्यासाठी मी ते सगळे चित्रण आवाज बंद करून पुन्हा पाहिले. आवाज नसला की चित्रातली उलथापालथ डोळ्यांना ताबडतोब खुपते. काकांनी कोरा पांढरा कागद पुढ्यात ओढला की सगळे चित्र काळवंडत होते आणि त्यांचे हात मातकट दिसू लागत होते. कागद बाजूला सरून काळ्या कापडाचा तुकडा आला की तेच चित्र भसकन उजळत होते. पिवळ्या पडलेल्या पानांनी चौकट भरली की कॅमेऱ्याला तो पिवळेपणा दिव्याचा वाटत होता आणि तो घालवण्यासाठी तो चित्रात निळी झाक मिसळत होता, त्यामुळे एकाच पुस्तकाची पाने मिनिटागणिक वेगळ्या रंगाची झाली होती. सुई वर-खाली होताना फोकस कधी बोटांवर, तर कधी मागच्या भिंतीवर जात होता.

यातले काहीही कॅमेरा खराब असल्यामुळे घडलेले नव्हते. समोरच्या दृश्याचा उजेड सरासरीने मध्यम करडा असतो असे धरून स्वयंचलित एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ ठेवायचे ते ठरवणारी सोय, चालते; ते पांढऱ्या कागदालाही करड्याकडे ओढते आणि काळ्या कापडालाही. फोटो काढताना हे खपून जाते, कारण तिथे निर्णय एकदाच घ्यायचा असतो. व्हिडिओत मात्र कॅमेरा सतत आपले मत बदलत राहतो आणि ते बदलताना प्रेक्षकाला दिसते. नवशिक्याच्या व्हिडिओतला नवखेपणा बहुतांशी या बदलत्या मतांमुळे जाणवतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे. त्यानंतर मी जे काही शिकले त्यातले बरेचसे, यंत्राने आपल्या वतीने घेतलेले निर्णय एकेक करून त्याच्या हातून काढून घेणे, याच स्वरूपाचे होते.

काकांना दररोज त्रास देणे योग्य नव्हते, म्हणून मी सरावासाठी पेन्सिलला टोक करणारे माझ्याच बहिणीचे हात निवडले. बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर हव्या त्या जागी बोट दाबून धरले की फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही तिथेच थांबतात. मी हातावर बोट दाबून ते थांबवत असे आणि मग शेजारची खूण खाली ओढून उजेड किंचित कमी करत असे. हे किंचित कमी करणे महत्त्वाचे आहे. पांढऱ्या कागदाचा भाग एकदा पूर्ण पांढरा फटक झाला की त्यातला पोत आणि रेघा कायमच्या जातात, पण थोडा अंधारा राहिलेला भाग नंतर संकलनात बराचसा वर आणता येतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडात पांढऱ्याला पांढरे धरायचे ते ठरवणारी सोय, मात्र माझ्या मोबाइलच्या मूळ कॅमेऱ्यात थांबवता येत नव्हता, त्यासाठी हाताने नियंत्रण देणारे वेगळे ॲप घ्यावे लागले. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; दिवसाच्या उजेडासाठी सुमारे ५६०० केल्विन आणि तारेच्या पिवळ्या दिव्यासाठी सुमारे ३२०० केल्विन हे दोन आकडे पाठ केले की सुरुवातीला पुरते. आकडा थोडा चुकला तरी बिघडत नाही. तो चित्रणाच्या मध्येच बदलला की बिघडते.

त्याच ॲपमध्ये शटरचा वेग (व्हिडिओतल्या प्रत्येक स्थिर चित्रासाठी, म्हणजे चौकटीसाठी, कॅमेरा सेकंदाचा कितवा भाग उजेड घेतो ते) दिसू लागला आणि आणखी एका कोड्याचा उलगडा झाला. संध्याकाळी दिवे लावून केलेल्या सरावाच्या चित्रणात काळपट आडवे पट्टे सरकत होते. विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असेल तर त्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचे शटर त्या तालाशी जुळले नाही तर ते चित्रात उमटते. तिथे शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की बहुधा पट्टे जातात, आणि ज्या देशांत वीज ६० हर्ट्झची आहे तिथे १/६० किंवा १/१२० ठेवावे लागते. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ही जोडी मला म्हणूनच दुहेरी सोयीची ठरली. शटर चौकटीच्या निम्म्या काळापुरते उघडे राहिले की हलत्या हाताला जेवढा हवा तेवढाच पुसटपणा येतो आणि हालचाल नैसर्गिक वाटते. भर उन्हात मोबाइल शटर १/१००० च्याही पलीकडे नेतो, आणि मग प्रत्येक चौकट सुरीने कापल्यासारखी स्पष्ट दिसते व हालचाल तुटक वाटते. बहुतेक मोबाइलच्या भिंगाचे छिद्र लहान-मोठे करता येत नसल्यामुळे तिथे भिंगापुढे उजेड कमी करणारी काळसर काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावणे किंवा सावलीत जाणे हेच पर्याय उरतात. मी सावलीत जाते.

यंत्राचे निर्णय असे आवरले, तरी माझ्या हाताचे निर्णय शिल्लक होतेच. पहिल्या दिवशीच्या चित्रणात माझा हात सुईकडून काकांच्या चेहऱ्याकडे, तिथून शेल्फकडे, मग काही आठवल्यासारखा परत सुईकडे जात होता. आपण खोलीत उभे असताना डोळे असेच फिरतात आणि त्याचे काही वाटत नाही, पण पडद्यावर ते भिरभिरणे असह्य होते. उपाय म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: चौकट ठरवायची, बटण दाबायचे, मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचे, आणि तोवर हात हलवायचा नाही. पहिल्यांदा ते दहा आकडे अंत पाहतात. सहाव्या आकड्याला बोट आपोआप झूमकडे वळते. संकलन करताना मात्र कळते की दहा सेकंदांतले मधले चार-पाच सेकंदच कामाचे असतात आणि दोन्ही टोकांना सुटलेली जागा जोडकामासाठी लागते. मोबाइलमधला बोटांनी ताणायचा झूम मी वापरणेच सोडून दिले, कारण वेगळे भिंग असेल त्या टप्प्यापलीकडे तो केवळ चित्र कापून मोठे करतो. जवळचे दृश्य हवे असेल तर आपणच जवळ जावे. फक्त चेहऱ्याच्या बाबतीत रुंद भिंगाने फार जवळ जाऊ नये, नाक मोठे दिसते आणि माणूस नाराज होतो.

तिपाई घेतली हे सांगायलाच नको. ती नव्हती तेव्हा कोपर बरगड्यांना टेकवून, पाठ भिंतीला लावून आणि श्वास सोडताना चित्रण करून बरेच निभावले. मोबाइलमधली कंप कमी करणारी डिजिटल सोय चौकटीच्या कडा कापून काम करते, त्यामुळे तिपाईवर ती बंद ठेवलेली बरी.

दुसऱ्या खेपेला काकांकडे गेले तेव्हा सगळ्यात जास्त वेळ उजेडाच्या मागे गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. काका वर्षानुवर्षे खिडकीकडे पाठ करून बसतात, कारण तसे बसले की उजेड खांद्यावरून थेट पुस्तकावर पडतो. कॅमेऱ्याला मात्र समोरून पाहताना मागची झगझगीत खिडकी आणि तिच्यापुढे एक काळी आकृती एवढेच दिसत होते. आम्ही टेबल पाव वळणाने फिरवले, म्हणजे खिडकी त्यांच्या डाव्या हाताला आली. ते उजव्या हाताने शिवतात, त्यामुळे हाताची सावली शिलाईवर पडेना, आणि बाजूने येणाऱ्या उजेडात दोऱ्याचा पीळ, कागदाची खरखर, बोटांच्या पेरांवरच्या रेषा असे सारे उठून दिसू लागले. समोरून पडणारा उजेड हे सगळे सपाट करून टाकतो. चेहऱ्याची दुसरी बाजू फार अंधारी होत होती, तिकडे चौकटीबाहेर एक मोठा पांढरा पुठ्ठा उभा केला आणि खिडकीचाच उजेड त्याच्यावरून परत चेहऱ्यावर वळवला.

राहिला डोक्यावरचा पिवळा दिवा. खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळा असे दोन उजेड एकत्र आले की व्हाइट बॅलन्स कोणताही ठेवा, गालाचा एक भाग आजारी दिसतोच. मी दिवा बंद केला.

“अगं, मला सुई दिसायला नको का?” काका म्हणाले.

टेबल खिडकीच्या आणखी दोन फूट जवळ सरकवल्यावर त्यांची तक्रार मिटली. उजेड उगमापासून दूर जाताना फार झपाट्याने कमी होतो, त्यामुळे दोन फुटांनीही मोठा फरक पडतो. एक गोष्ट तरीही माझ्या ध्यानात आली नाही: सूर्य सरकतो. सकाळी दहाचे आणि साडेअकराचे शॉट शेजारी ठेवले तर ते वेगवेगळ्या दिवसांचे वाटतात. म्हणून आता जे शॉट एकमेकांना जोडायचे आहेत ते मी शक्यतो सलग घेते, आणि थेट ऊन आत येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरा पडदा सोडते.

त्या दिवशीचे चित्र सुरेख आले आणि आवाजाने घात केला. मोबाइल तिपाईवर, काकांपासून दीड मीटरवर होता. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, पण खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर तेवढीच राहते. त्यामुळे काका विहिरीतून बोलत असल्यासारखे ऐकू येत होते. आवाजाची पातळीही यंत्रच ठरवत होते. काका बोलायचे थांबले की ते संवेदनशीलता वाढवी आणि शांततेच्या जागी पंखा गर्जू लागे. सर्वांत लाजिरवाणा भाग तर पुढेच होता. कोणी काही सांगत असताना हुंकार भरण्याची आपल्याला सवय असते, आणि मोबाइलच्या सर्वांत जवळ मी होते. परिणामी पन्नास मिनिटांच्या त्या चित्रणात काकांच्या प्रत्येक वाक्यावर माझे ठसठशीत “हं… हं…” बसलेले होते. ते मला काही केल्या काढता आले नाहीत.

तिसऱ्या खेपेला मी कॉलर माइक नेला आणि तो हनुवटीच्या वीतभर खाली लावला. काका पुस्तकावर वाकले की सदऱ्याची पट्टी माइकवर घासून खसखस येत होती. माइक थोडा खाली घेऊन वायरीचा छोटा वळसा आतून चिकटपट्टीने धरून ठेवल्यावर ती थांबली. हे मला लगेच कळले, कारण या वेळी कानाला हेडफोन होता. माइक नंतर घ्यावा, पण हेडफोन पहिल्या दिवसापासून वापरावा, असे मी कोणालाही सांगेन. पाहताना मेंदू पंखा गाळून टाकतो, हेडफोन गाळत नाही. आवाजाची पातळी स्वयंचलित न ठेवता मी अशी लावली की काका मोठ्याने बोलले तरी खूण उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. शून्य हे डिजिटल ध्वनिमुद्रणाचे छत आहे. आवाज त्याला आदळला की चिरका होतो आणि दुरुस्त होत नाही. ध्वनिमुद्रण वेगळ्या यंत्रावर होत असल्यामुळे प्रत्येक वेळी सुरुवातीला एक टाळी वाजवली, म्हणजे चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवून दोन्ही एकत्र बसवता येतात. शेवटी, कोणीही न बोलता, खोलीची अर्धा मिनिट शांतता मुद्रित केली. ऐकायला हे वेडेपणाचे वाटते, पण दोन वाक्यांच्या मधला खोकला काढून टाकल्यावर तिथे संपूर्ण निःशब्द पोकळी राहिली तर कान दचकतो. तिथे ही शांतता भरावी लागते.

हुंकारांऐवजी मी मान डोलवू लागले. प्रश्नांचाही प्रश्न होताच. “हे काय लावता?” असे विचारले की “मेण” एवढेच उत्तर येई, आणि माझा प्रश्न कापल्यावर त्या एका शब्दाला काही अर्थ उरत नसे. “काका, पूर्ण वाक्यात सांगाल का?” असे एकदा म्हटल्यावर मात्र ते बोलू लागले: “दोऱ्याला मेण लावून घेतो, म्हणजे तो गुंतत नाही.”

किरकोळ अपघात बरेच झाले, ते एकत्रच सांगून टाकते. एका दिवशी बटण दोनदा दाबले गेल्यामुळे पूर्ण शिलाईचे चित्रण झालेच नाही, आणि नंतर मोबाइल खिशात घालताना जमिनीचे तीन मिनिटांचे चित्रण तेवढे झाले; तेव्हापासून तांबडी खूण आणि पळणारे आकडे पाहिल्याशिवाय मी काकांना सुरू करा म्हणत नाही. मध्येच फोन आल्यामुळे एक शॉट तुटला, म्हणून आता विमान मोड लावते. भिंगावरच्या बोटाच्या ठशामुळे खिडकीच्या उजेडाला शेपट्या फुटल्या होत्या, म्हणून मऊ कापड खिशात ठेवते. साठवणुकीचा हिशेब आधी करावा: सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाभराचे चित्रण सुमारे ४५ गिगाबाइट जागा घेते. आणि घरी आल्यावर दोन ठिकाणी प्रती केल्याशिवाय मोबाइलमधले काही पुसू नये.

एवढे सगळे सांभाळून आणलेले चित्रण संकलनाला घेतले, तेव्हा ते जोडलेच जाईना. चित्र स्थिर, उजेड चांगला, आवाज स्वच्छ. पण सगळे एकाच जागेवरून, एकाच अंतरावरून घेतलेले. मधली दोन मिनिटे कापली की काकांचे डोके टुणकन उडी मारून तीन इंच बाजूला जात होते. लागोपाठच्या दोन शॉटमध्ये कोन किमान तीस अंशांनी तरी बदलावा आणि चौकटीचा आवाकाही लहान-मोठा व्हावा, तरच डोळा तो बदल स्वीकारतो. व्हिडिओ पत्रकारितेच्या शिकवणीत पाच शॉटची एक पद्धत सांगतात: हातांचा क्लोजअप, चेहऱ्याचा क्लोजअप, माणूस आणि जागा दाखवणारा लांबचा शॉट, खांद्यावरून घेतलेला शॉट, आणि पाचवा काहीतरी अनपेक्षित कोनातला. कोणत्याही हातकामासाठी ही पद्धत इतकी चपखल बसते की ती आधी माहीत असती तर माझ्या दोन खेपा वाचल्या असत्या.

खांद्यावरून घेतलेल्या शॉटने मला थोडे चकवले. समोरून पाहताना काकांचा उजवा हात चौकटीच्या डाव्या बाजूला असतो, मागून पाहताना तो उजवीकडे येतो. दोन्ही शॉट लागोपाठ लावल्यावर सुई एकदा इकडे आणि एकदा तिकडे जाताना दिसली. मग काका आणि पुस्तक यांच्यामधून एक रेघ गेली आहे असे समजून मी सगळे कोन रेघेच्या एकाच बाजूला, खिडकीच्या समोरच्या अंगाला ठेवले. खांद्यावरचा शॉट ठेवायचा मोह आवरला नाही, तेव्हा मध्ये थेट वरून घेतलेला, फक्त पुस्तक दाखवणारा शॉट घातला. वरून पाहताना डाव्या-उजव्याची फारशी जाणीव राहत नाही.

चौथ्या खेपेला मी पहिला तासभर कॅमेरा बाहेर काढलाच नाही. काकांना एक पुस्तक सुरुवातीपासून बांधायला सांगितले आणि वहीत पायऱ्या लिहून घेतल्या: फॉर्म लावणे, कण्यावर खुणा करणे, आरीने भोके पाडणे, दोऱ्याला मेण लावणे, पहिला टाका, गाठ. अशा चौदा पायऱ्या झाल्या. प्रत्येकीपुढे कोणते शॉट घ्यायचे ते लिहिले, कोणत्या क्षणी काकांचा हात थांबतो तेही टिपले, कारण शॉट तिथेच बदलायचा होता. जे क्लोजअप हवे होते त्यासाठी काका तोच टाका दोन-तीनदा घालून दाखवायलाही तयार झाले. त्या दिवशीचे चित्रण सव्वा तासाचे होते आणि त्यातून सात मिनिटांचा व्हिडिओ तयार झाला.

तो मी काकांना दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिला, मग मागे नेऊन एक जागा पुन्हा पाहिली आणि म्हणाले, “दोरा तिसऱ्या भोकातून बाहेर आला होता, आणि लगेच पुढे तो दुसऱ्यातच आहे की.” मी चौकट-चौकट सरकवून पाहिले, तर खरेच होते; पुन्हा करून दाखवलेल्या टाक्याचा क्लोजअप मी एक भोक आधीचा उचलला होता. बरोबर भोकाचा क्लोजअप घेतलेलाच नव्हता. शेवटी चष्म्यावरून शिलाईकडे पाहणाऱ्या त्यांच्या चेहऱ्याचा चार सेकंदांचा शॉट मी त्या दोहोंच्या मध्ये घातला, आणि दोरा तेवढ्या वेळात कुठून कुठे गेला ते झाकून टाकले.